ओहोटीच्या भरवशावर लिहिलेली बातमी

पावसाळ्यात माझा फोन वाजला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो, पाणी किती आलं. तुम्ही कसे आहात, घर कोरडं आहे ना, असं कोणी विचारत नाही, आणि आता मलाही त्याचं काही वाटत नाही. आमच्या पेपरच्या पणजीच्या कार्यालयात बसणाऱ्यांना ‘अभूतपूर्व’ हा शब्द फार आवडतो. गेल्या काही वर्षांत मी डिचोली तालुक्यातून इतके अभूतपूर्व पूर पाठवले आहेत की त्या शब्दाची मलाच लाज वाटते. जूनमध्ये झाडं पडतात, जुलैत रस्ते खचतात, ऑगस्टमध्ये बाजारात पाणी येतं, आणि ऑक्टोबरात सगळं आटोपलं म्हणून छत्री माळ्यावर टाकावी तर समुद्रात कुठेतरी वादळ तयार होतं आणि पेडण्याचा आमचा वार्ताहर आडव्या झालेल्या माडांचे फोटो पाठवतो. मी कंटाळलो आहे. पावसाला कंटाळलो असं म्हणायला जीभ वळत नाही, तर त्याच्याबद्दल लिहायला कंटाळलो आहे असं म्हणतो.

मी या कामाला लागलो तेव्हा गोवा घटक राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती. भाषेवरून झालेली डोकेफोड अजून ताजी होती. आम्ही घरात कोकणी बोलायचो, देवाची आरती मराठीत म्हणायचो आणि वर्तमानपत्र मराठी वाचायचो. त्यात कोणाला काही विचित्र वाटत नव्हतं, फक्त सभांमध्ये वाटायचं. मी सकाळी शाळेत शिकवायचो आणि दुपारी तालुक्याचा वार्ताहर व्हायचो. शिरगावची जत्रा, पाळीच्या बाजूला खनिजाच्या ट्रकांनी केलेले अपघात, पंचायतीतली भांडणं आणि पावसाळ्यात पूर, एवढं माझं क्षेत्र.

बातमी पाठवायची रीत सोपी होती. कागद पाकिटात घालायचा, पाकिटावर वर्तमानपत्राचं नाव घालायचं आणि चारच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायचं. पणजीच्या स्टँडवर आमच्या कार्यालयाचा माणूस ते उतरवून घ्यायचा. चारची बस चुकली की बातमी दुसऱ्या दिवशी गेली, आणि दुसऱ्या दिवशीच्या पुराला कोण विचारतो? त्यामुळे आम्ही सगळेच तालुका वार्ताहर एक गोष्ट करायचो, जी आम्ही कोणालाही सांगत नव्हतो. आम्ही पूर ओसरण्याची बातमी पूर ओसरण्याआधी लिहायचो.

यात फसवणूक आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. आमची नदी पुढे मांडवीला मिळते आणि समुद्राची भरती-ओहोटी थेट आमच्या बाजारापर्यंत जाणवते. वरून डोंगराचं पाणी येतं, खालून भरती त्याला अडवते, मग पाणी रस्त्यावर चढतं. भरती फिरली की वाट मोकळी होते आणि पाणी उतरतं. लहानपणापासून हेच पाहत आलो होतो. घरात दिनदर्शिका टांगलेली असायची, तिथी पाहिली की भरती-ओहोटीची वेळ सांगता यायची. तेव्हा दुपारी तीन वाजता बाजारात घोट्याएवढं पाणी असलं आणि भरती फिरलेली असली, तर ‘सायंकाळी उशिरा पाणी ओसरल्याने नागरिकांनी सुटकेचा निःश्वास सोडला’ असं लिहून पाकीट बंद करायला काहीच हरकत नव्हती. माझ्याकडे मागच्या वर्षीच्या बातमीची कार्बन प्रत असायची. तीच समोर ठेवायची, वार आणि तारीख बदलायची. निःश्वास तोच राहायचा.

आमच्या बाजाराच्या खालच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गणपतीची शाळा होती. शाळा म्हणजे चिऱ्यांच्या भिंतींची, नळ्यांच्या छपराची एक लांबट खोली, वर एक-दोन पाट मावतील एवढा माळा. आजूबाजूच्या वाड्यांवरच्या लोकांचे गणपती तिथे व्हायचे. मूर्तिकार माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याचा आजा सावंतवाडीकडून आलेला, त्यामुळे त्याच्या बोलण्यात तिकडचा हेल होता. आमच्याकडे गणपती विकत आणत नाहीत, घरचा पाट शाळेत नेऊन देतात. पाटाच्या मागे घराण्याचं नाव रंगवलेलं असतं. त्या पाटावरच मूर्ती उभी राहते आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी वा त्या सकाळी पाटासकट घरी येते. आमचा पाट माझ्या आजोबांच्या वेळचा, फणसाचा, एक कोपरा उडालेला. त्याच्या आजाने आमच्या आजोबांना गणपती करून दिला होता, आता तो मला देत होता.

पावसाळ्यात रोज दुपारी शाळा सुटली की मी त्याच्या शाळेत जाऊन बांकावर बसायचो. कामात असताना तो फार बोलत नसे. मीच बोलायचो. पेपरात आलेलं, न आलेलं सगळं त्याला सांगायचो. त्याला माझ्याबद्दल एक आदर होता, आणि तो आदर मला आवडायचा, हे कबूल करायला हवं. पेपरात लिहितो म्हणजे याला आतलं काहीतरी कळत असणार, असं त्याला वाटायचं. पाऊस कसा असेल, किती दिवस राहील, हे तो मलाच विचारायचा.

त्या वर्षी चतुर्थीला बारा-तेरा दिवस होते. सकाळपासून पाऊस कोसळत होता. पूर्वीचा पाऊस आठ-आठ दिवस एका लयीत पडायचा, हा तसा नव्हता. तो मध्येच थांबायचा, ऊन दाखवायचा आणि मग छपरावर दगड ओतल्यासारखा यायचा. हे काहीतरी वेगळं आहे असं मला वाटलं होतं का? वाटलं होतं. पण वाटलेलं लिहायचं नसतं, मामलेदार कचेरीत सांगतात ते लिहायचं असतं, अशी माझी तेव्हाची शिस्त होती.

अडीचच्या सुमाराला मी त्याच्याकडे पोचलो. पाणी समोरच्या रस्त्याच्या गटाराला लागलं होतं. आत साठ-सत्तर पाट जमिनीवर ओळीने मांडलेले होते, प्रत्येकावर मातीचा गणपती. काही ओलसर, काहींवर पांढऱ्या अस्तराचा हात फिरवलेला, रंगाला अजून सुरुवात व्हायची होती. तो आणि त्याचा धाकटा भाऊ दारात उभे राहून पाण्याकडे बघत होते. दोघांच्या कोपरांपर्यंत माती होती.

त्याच्यापुढचा पेच मला लगेच कळला, कारण त्याने तो फारच थोडक्यात सांगितला. मूर्ती उचलायच्या तर आत्ताच उचलायला हव्या. वरच्या बाजूला एका दुकानदाराचं मोकळं गुदाम होतं, तो द्यायला तयार होता. पण ओली मूर्ती पाटासकट उचलून शंभर पावलं पावसातून न्यायची म्हणजे कोणाची मान तडकणार, कोणाचा हात गळणार. दहातल्या तीन-चार तरी जाणार. आणि बारा दिवसांत त्या पुन्हा करून, सुकवून, रंगवून होणं कठीण. नाही उचलल्या आणि पाणी आलं, तर सगळ्याच जाणार. साठ-सत्तर घरांतली चतुर्थी त्याच्या मूर्तींवर अवलंबून होती. घराण्याच्या तिसऱ्या पिढीत त्याच्यावर हा दोष येणार होता, आणि तो घाबरला होता.

त्याने मला विचारलं, पाणी येईल का.

मी दिनदर्शिकेकडे पाहिलंसुद्धा नाही. मला तिथी पाठ होती. भरती आत्ताच फिरली, मी म्हणालो, आता उतरायलाच लागेल, पाच वाजेपर्यंत गटारसुद्धा मोकळं होईल. त्याच्या चेहऱ्यावरची शंका गेली नाही, म्हणून मी खिशातलं पाकीट काढून त्याला दाखवलं. बातमी लिहून झाली आहे, पाणी ओसरलं म्हणून, चारच्या बसने निघालीसुद्धा समज, असं म्हणालो. मला वाटतं मी थोडा हसलोही. ते पाकीट बघून त्याचे खांदे सैल झाले. छापून येणार म्हणजे ते झालंच, असा त्याचा हिशेब होता. त्याने भावाला मूर्ती राहू देत म्हणून सांगितलं.

मी उठलो. छत्री उघडता उघडता मला आईची आठवण झाली. तिने सकाळी निघताना सांगितलं होतं, पाऊस बरा दिसत नाही, आपला गणपती बघून ये. आमचा पाट दाराशीच होता. मी सहज बोलावं तसं बोललो, आमचा तेवढा माळ्यावर ठेवूया का, आई उगीच जीव काढते. तो लगेच पुढे आला. एका बाजूने त्याने धरला, एका बाजूने मी, भावाने शिडी धरली. आमचा गणपती बऱ्यापैकी सुकलेला होता, काही तडकलं नाही. पाच मिनिटांचं काम. मग मी हात धुतले आणि बस गाठायला गेलो.

पाकीट दिल्यावर मी मामलेदार कचेरीत जाऊन बसलो. तिथे कोणाला काही ठाऊक नव्हतं, चहा मात्र होता. पाचच्या सुमारास खालच्या रस्त्यावरून माणसं धावत वर यायला लागली. ओहोटी चालू होती. समुद्र आपलं काम बरोबर करत होता. पण पाणी उतरलं नाही, चढलं. लाल, जड, चिखलाचं पाणी, आमच्या नदीचं वाटू नये असं. कोणी म्हणालं घाटात एकाच वेळी आभाळ फाटलं, कोणी म्हणालं वरच्या अंगाला खाणीच्या मातीचा ढीग ओढ्यात सरकला, कोणी म्हणालं इतक्या वर्षांच्या गाळाने नदीचं पात्रच वर आलंय, तिच्यात आता मावतंय काय? तिन्ही खरं असेल. मी ते कधी नीट शोधून लिहिलं नाही, आणि वार्ताहर म्हणून माझी खरी चूक बहुधा तीच आहे.

मी धावत खाली गेलो. शाळेत गुडघ्याच्या वर पाणी होतं. कच्ची माती पाण्यात लगेच विरघळत नाही. आधी तळ मऊ होतो, मग थकलेला माणूस बसतो तशी मूर्ती खाली बसते, आणि मग सोंड, हात, कान वेगळे होतात. मी पोचलो तेव्हा बऱ्याच बसल्या होत्या. तो एक मूर्ती कडेवर घेतल्यासारखी धरून उभा होता आणि ती त्याच्या हातातच मऊ होत चालली होती. भाऊ रडत होता. मूर्तिकार रडत नव्हता. खिडकीतून बाहेर वाहून जाणारे पाट तो बघत होता, आणि त्याने मला सांगितलं की पाट धरा, पाट गेले तर लोकांना काय सांगू. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघे आणि शेजारचे दोघेचौघे कमरेएवढ्या पाण्यात पाट गोळा करत होतो. सगळे मिळाले. माळ्यावर आमचा गणपती कोरडा बसला होता. वर बघायचं मी टाळत होतो.

टेलिफोन बूथवरून मी कार्यालयाला फोन लावायचा प्रयत्न केला. लाइन मेली होती. मी हे पुष्कळांना सांगितलं आहे आणि ते खोटं नाही. पण दोनदा नंबर फिरवून मी फोन खाली ठेवला, तिसऱ्यांदा फिरवला नाही, हे आत्ता लिहितो आहे. लाइन लागली असती तर काय सांगितलं असतं, हेच मला सुचत नव्हतं.

सकाळी चिखलातून पाव विकणारा पदेर सायकल ढकलत आला, त्याच्यामागून पेपर आले. पहिल्या पानाच्या खालच्या बाजूला माझी बातमी होती. पाणी ओसरलं, मोठी हानी टळली, नागरिकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. खाली ‘वार्ताहर’. मी मूर्तिकाराच्या शाळेत गेलो तेव्हा पेपर तिथे पोचला होता. कोणीतरी मुद्दाम आणून दिला असेल किंवा त्याचा नेहमीचा असेल. त्याने माझ्यासमोर तो उलगडला, वाचला की नाही कळलं नाही, आणि जमिनीवर पसरून त्यावर धुतलेले पाट एकेक करून पालथे घातले. कागद पाणी चांगलं ओढतो. माझ्याकडे रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याने मला बांकावर बसायला सांगितलं. मी बसलो नाही.

पुढचे दिवस त्या घरातले सगळे राबले. माती नव्याने आणली, कोळशाच्या शेगड्या पेटवून मूर्ती सुकवल्या. हातभर मूर्तीला वेळ नव्हता, म्हणून प्रत्येक पाटावर वीतभर गणपती बसला. रंग म्हणजे पिवळं पितांबर, लाल शेला आणि डोळे. एकाही घराला त्याने नाही म्हटलं नाही. मी रोज दुपारी जायचो, माती मळायचो, शेगडी फुंकायचो. आमचा मोठा गणपती त्याने सर्वांत शेवटी रंगवला, नेहमीसारखाच, दागिन्यांच्या बारीक रेघांसकट. मी म्हणालो आमचा साधाच रंगव. त्याने ऐकलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी गणपती आणायला गेलो. मुद्दामच उशिरा गेलो, गर्दी कमी व्हावी म्हणून. सगळे पाट गेले होते, आमचा एकटाच राहिला होता. मी त्याला नारळ आणि विडा दिला. मग बोलायचं म्हणून बोललो, की माझ्यामुळे हे झालं, मी तुला पाणी येणार नाही म्हणून सांगितलं. त्याने मूर्तीच्या तोंडावरचं उपरणं नीट केलं आणि शांतपणे म्हणाला,

“तुमी माका त्या दिवशी दोन गजाली सांगितलात. मी पयली आयकलंय. दुसरी आयकूक व्हयी होती.”

पाणी येणार नाही, ही पहिली गोष्ट. आमचा तेवढा माळ्यावर ठेव, ही दुसरी, त्याने ऐकायला हवी होती ती. दुसरीचा अर्थ मी शब्दांत सांगितलाच नव्हता, पण तो पहिलीपेक्षा खरा होता. मला भीती वाटत होती. पेपरासाठी वाटत नव्हती, त्याच्यासाठी वाटत नव्हती, फक्त आमच्या पाटापुरती वाटत होती. आणि ती मी आईच्या नावावर घातली.

गणपती घेऊन वर आलो तेव्हा वाड्यावरचे लोक पायऱ्यांवर उभे होते. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची फळं बांधायचं काम चालू होतं. मोठा गणपती बघून कोणी काही वाईट बोललं नाही. तुमचा वाचला, बरं झालं, असं म्हणाले. त्या वर्षी सगळे आमच्याकडे दर्शनाला आले, दरवर्षीपेक्षा जास्त, कारण नेहमीएवढा गणपती आमच्याकडेच होता. आईला फार आनंद झाला. मी सांगितलं म्हणून वाचला, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, आणि ते खरंही होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. पाच दिवस मला नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, गोड लागल्या नाहीत.

पुढच्या वर्षी त्याच्याकडे पाट कमी आले. काही लोक उंचावरच्या दुसऱ्या शाळेकडे गेले. त्यांचंही चुकलं असं म्हणता येत नाही. तो शेवटपर्यंत आमचा गणपती करत राहिला, आणि आमचा पाट आला की तो आधी माळ्याच्या शिडीखाली ठेवायचा.

तेव्हापासून तीसेक पावसाळे गेले. पाकिटाच्या जागी फॅक्स आला, फॅक्सच्या जागी फोन, आणि आता बातमी पाणी येतानाच हलत्या चित्रांसह निघून जाते. दिनदर्शिकेवरून सांगावं असं पाणी आता राहिलेलं नाही. हवामान खात्याचे लाल-पिवळे रंगीत इशारे मोबाइलवर येतात आणि लोक ते बघून पुन्हा फोन खिशात ठेवतात, कारण गेल्या वेळी काही झालं नव्हतं. अजूनही लोक मलाच विचारतात. इतकी वर्षं लिहिता, तुम्हाला कळत असेल, पाणी येईल का. मी त्यांना पाण्याबद्दल काही सांगत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये खालच्या घरातली बाई विचारत आली. नवरा खाणीच्या ट्रकावर होता, खाणी बंद पडल्यावर तो घरीच असतो, तिचं शिलाईचं मशीन आहे आणि चवथीचे कपडे शिवायचं काम अंगावर होतं. मी तिला म्हणालो की आम्ही तांदळाचं पिंप आणि आईचा जुना पेटारा आत्ताच माळ्यावर चढवला आहे. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारली. मी छत्री घेऊन तिच्यामागून खाली गेलो. मशीन जड होतं, तिघांनाही दम लागला.

नंतर कार्यालयातून फोन आला, परिस्थिती कशी आहे. मी सांगितलं, मी घरातलं सामान माळ्यावर चढवलंय. पलीकडचा माणूस म्हणाला, यात बातमी काय.